'ओढ' म्हणालास की 'सोड'? इंजिन चालू असताना बोटीवर एकमेकांना कसं ऐकू जाईल

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. पंचवटीतला तुमचा पोहणाऱ्यांचा गट पावसाळ्यात गोदावरीवर बचावकामाला मदत करतो. देणगीतून तुम्हाला साडेचार मीटरची हवेची रबरी बोट आणि ४० हॉर्सपॉवरचं ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, मिळालं आहे. बोटीवर चौघं असतात. इंजिन सुरू झालं की पुढे बसलेल्याचं मागच्याला ऐकू येत नाही. आता देणगीदार आणखी थोडे पैसे द्यायला तयार आहेत. मोटारसायकलवाले हेल्मेटमध्ये लावतात तसे ब्लूटूथ इंटरकॉमचे चार संच घ्यावेत की वॉकी-टॉकी घ्यावेत, असं तुम्ही विचारलं आहे.

माझं उत्तर असं, की आधी काहीच विकत घेऊ नका. आधी तुमचे शब्द बदला. मग हाताच्या खुणा ठरवा. मग प्रत्येकाच्या जॅकेटला एकेक चांगली शिट्टी बांधा. त्यानंतर दोन-तीन वॉकी-टॉकी घ्या, पण ते बोट आणि काठ यांच्यातल्या बोलण्यासाठी. इंटरकॉम सर्वांत शेवटी, आणि घेतलेच तर दोन संच, चार नाही.

शब्द आधी का, ते सांगतो. मी बरीच वर्षं व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. नाशिकला परतल्यापासून बोट चालवणाऱ्या मुलांना शिकवतो. एकदा धरणाच्या फुगवट्यावर सराव चालू होता. बोटीचा दोर काठावरच्या खुंटाला एक वेढा देऊन मधल्या मुलाच्या हातात होता. पुढचा मुलगा ओरडला, "सोड!" मधल्याने ऐकलं, "ओढ!" त्याने सगळा जोर लावून दोर ओढला, त्याच क्षणी मागच्याने इंजिनाला वेग दिला, आणि बोट आडवी फिरली. दोर त्या मुलाच्या हातातून घासत गेला आणि दोन बोटांची कातडी सोलून निघाली. पाणी शांत होतं, दिवस होता, सगळ्यांनी जॅकेटं घातली होती, म्हणून एवढ्यावर निभावलं. पुराच्या पाण्यात तोच वेढा मनगटाला पडला असता तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

त्या रात्री मी वहीत दोन शब्द एकाखाली एक लिहिले. ओढ. सोड. दोघांमध्ये खरा फरक फक्त एका 'स'चा आहे. शेवटचे 'ढ' आणि 'ड' उघड्यावर ओरडताना एकसारखेच ऐकू येतात. आणि हा 'स' म्हणजे आपल्या बोलण्यातल्या स्वरांपेक्षा दुबळा आवाज. तो नुसता हवेचा फुत्कार आहे आणि त्याचा बराचसा जोर ४,००० हर्ट्‌झच्या वर असतो. आपण ओरडतो तेव्हा स्वर मोठे होतात, 'ओ' आणि 'आ' गल्लीच्या टोकापर्यंत जातात. 'स' मात्र ओरडून मोठा होत नाही. वारा आणि पाण्याचा खळखळाट त्याला पहिल्यांदा झाकतात. म्हणजे घसा फोडून ओरडलात तरी समोरच्याला स्वरच पोहोचतात. अर्थ व्यंजनांत असतो, तो वाटेतच गळतो.

याला आकड्यांचाही आधार आहे. साधं बोलणं एक मीटरवर साधारण ६० डेसिबल भरतं, जीव तोडून ओरडणं ८५ ते ९०. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. तुमच्या बोटीत नाळेवरचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरचा माणूस आणि मागे टिलर (इंजिन वळवायचा दांडा) धरलेला माणूस यांच्यात साडेतीन-चार मीटर अंतर आहे, म्हणजे एक मीटरवरच्या आवाजातून १२ डेसिबल गेले. शिवाय पुढच्याचं तोंड पुढे असतं, त्यामुळे आणखी गेले. मागच्याच्या कानाशी इंजिन आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल तर तिथला गोंगाट ८५ डेसिबलच्या आसपास किंवा वर आहे असं समजावं, हा जुना अंदाज आहे. तुमच्या बोटीवर तो खरा ठरतो की नाही, ते तुम्हीच सांगू शकाल. मग हिशेब करा. आवाज पोहोचतो ७५ने आणि गोंगाट ८५चा. हा तोटा ओरडून भरून निघणार नाही.

आता मराठीकडे बघा. 'डावीकडे' आणि 'उजवीकडे' यांचा शेवट एकच आहे. सुरुवातीचा अर्धा अक्षरभर भाग वाऱ्याने नेला की उरतं '…वीकडे'. 'थांब' आणि 'लांब' यांत पहिल्या व्यंजनाचाच फरक आहे. एकाचा अर्थ इंजिनाची गती तोड, दुसऱ्याचा अर्थ अजून अंतर आहे, चालव. पाण्यातल्या माणसापाशी जाताना यांची अदलाबदल झाली तर पंखा त्याच्या अंगावर जाईल. आकड्यांतही तेच, चार, पाच, सात, आठ सगळे 'आ'वर उभे आहेत.

ही अडचण आपल्याच भाषेची आहे असं नाही. इंग्रजी जहाजांवर डाव्या बाजूला पूर्वी 'लारबोर्ड' म्हणत आणि उजव्या बाजूला 'स्टारबोर्ड'. वादळात दोन्ही सारखेच ऐकू यायचे. म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये हुकूम काढून 'लारबोर्ड' बंद केला आणि 'पोर्ट' सक्तीचा केला. शेकडो वर्षांचा शब्द त्यांनी गोंगाटापायी टाकून दिला. आपणही तेवढं करू शकतो.

मी आता 'ओढ' आणि 'सोड' हे दोन्ही शब्द बोटीवर वापरू देत नाही. ओढायचं असेल तर "खेच", सोडायचं असेल तर "मोकळं कर". एकात एक झटका, दुसऱ्यात चार-पाच अक्षरं. निम्मं ऐकू आलं तरी लांबीवरून कळतं. 'थांब'च्या जागी "न्यूट्रल", कारण चालवणाऱ्याने नेमकं काय करायचं तेच त्या शब्दात आहे. 'लांब' पूर्ण बंद. अंतर सांगायचं ते बोटीच्या लांबीत आणि उतरत्या क्रमाने: तीन बोटी, दोन बोटी, एक. क्रम ठरलेला असला की ऐकणाऱ्याचं डोकं पुढच्या आकड्याची वाटच बघत असतं, त्यामुळे अर्धवट ऐकूनही तो चुकत नाही. डावं-उजवं मात्र मी तोंडाने सांगूच देत नाही. ते हातानेच दाखवायचं.

काठावरून बोटीला दिशा सांगताना नाशिकमध्ये आपली एक सोय आहे. "पंचवटी बाजू" आणि "गावाची बाजू" म्हणा. बोट कशीही फिरली तरी पंचवटी जागची हलत नाही. बोटीचं डावं आणि काठावरच्याचं डावं उलटं असतं, हा घोळ यात होतच नाही. फक्त सुकाणूसाठी हे शब्द वापरू नका.

हाताच्या खुणांबद्दल नाशिककरांना मी वेगळं काय सांगू? आपल्या ढोलपथकात उभं राहिलेल्या कोणालाही हे आधीच ठाऊक असतं. पन्नास ढोल घुमत असताना पुढच्याचा शब्द कोणाला ऐकू येतो? ताल बदलायचा तर तो हात वर करतो, सगळ्यांची नजर त्या हातावर असते, आणि एका ठोक्यात सगळं पथक बदलतं. तुमच्या गटातली निम्मी मुलं गणपतीत ढोल वाजवत असतील. त्यांना बोटीवर तेच करायचं आहे, एवढंच सांगा.

एक गोष्ट मात्र पथकापेक्षा वेगळी आहे. पथकात इशारा देणाऱ्याचं तोंड वादकांकडे असतं. बोटीत पुढच्याची पाठ चालवणाऱ्याकडे असते, आणि ती तशीच राहिली पाहिजे, कारण त्याची नजर पाण्यावरून हटता कामा नये. म्हणून छातीसमोर केलेली कुठलीही खूण निरुपयोगी आहे. हात डोक्याच्या वर किंवा खांद्यापासून सरळ बाजूला गेला पाहिजे, असा की पाठीमागून त्याची बाह्यरेषा दिसेल. बोटांच्या खुणा नकोत, पावसात त्या दिसत नाहीत. माझ्याकडे पाचच आहेत. हात आडवा म्हणजे त्या बाजूला वळ. दोन्ही हात डोक्याच्या वर उंच करून पुढे म्हणजे सरळ जा. हात बाजूला काढून, तळवा खाली करून वरखाली म्हणजे वेग कमी. मूठ डोक्यावर म्हणजे न्यूट्रल, लगेच, काही न विचारता. आणि माणूस पाण्यात दिसला की हात त्याच्या दिशेने रोखलेला, बोट त्याच्यापाशी पोहोचेपर्यंत. पाण्यात दिसणारं डोकं नारळाएवढं असतं. नजर एकदा हटली की गढूळ पाण्यात ते पुन्हा सापडत नाही. म्हणून ज्याने माणूस बघितला त्याचं तेवढंच काम, दोर दुसऱ्याने धरायचा.

रात्रीसाठी हातमोज्यांच्या दोन्ही बाजूंना आणि बाहीवर परावर्तक पट्टी शिवून घ्या. मागच्याच्या छातीवर छोटा दिवा असा लावा की त्याचा उजेड पुढच्याच्या हातांवर पडेल. त्याच्या डोळ्यांत मात्र जाऊ नये.

आणि उत्तर. हा भाग लोक हमखास विसरतात. मोठ्या जहाजावर ब्रिजवरून, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या वरच्या खोलीतून, इंजिनरूमला हुकूम जातो तो टेलिग्राफ नावाच्या यंत्रावर. वर दांडा 'अर्धा वेग पुढे'वर ओढला की खाली काटा तिथे येतो आणि घंटा वाजते. खालच्या माणसाने आपला दांडा त्याच खुणेवर आणला की घंटा थांबते आणि वरच्याला दिसतं की हुकूम पोहोचला. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार आजही जहाजावर ब्रिज आणि इंजिनरूम यांच्यात हुकूम पोहोचवायच्या दोन स्वतंत्र सोयी लागतात, आणि त्यांतली एक हा टेलिग्राफ असतो, ज्यात हुकूम आणि उत्तर दोन्ही डोळ्यांना दिसतात. मी ज्या इंजिनरूममध्ये उभा राहिलो तिथे शेजारच्याच्या कानाला तोंड लावूनही धड बोलता येत नव्हतं. तिथे त्या काट्यावर आमचा जीव विसंबून होता, आणि त्याने कधी दगा दिला नाही.

तुमच्या बोटीत काटा नाही, पण उत्तर देता येतं. मूठ वर झाली आणि इंजिनाचा सूर उतरला, की पुढच्याला न वळता कळलं. तेच उत्तर. सूर उतरला नाही तर मूठ वरच ठेवायची आणि शिट्टी मारायची. बाकी खुणांसाठी मधल्या माणसाने पुढच्याच्या पाठीवर एक थाप मारायची, "मागच्याने बघितलं" या अर्थाने. मी शिकवताना या थापेचा सराव इतक्या वेळा करून घेतो की मुलं कंटाळतात. कंटाळू द्या.

शिट्टीचं सांगतो. आत गोळी नसलेली घ्या, गोळीची शिट्टी ओली झाली की अडकते. शिट्टीचा आवाज साधारण २,००० ते ४,००० हर्ट्‌झमध्ये असतो. आपला कान तिथे सर्वांत तीक्ष्ण असतो आणि इंजिनाची घरघर तिथे कमी पडते. म्हणून ती गोंगाट कापून जाते. पण खुणा ठरवताना एक गोंधळ टाळा. समुद्रावरच्या नियमांत एक छोटा भोंगा म्हणजे मी उजवीकडे वळतोय, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे इंजिन उलटं फिरतंय. वाहत्या पाण्यातल्या बचावकामात रूढ असलेल्या खुणा वेगळ्या आहेत. तिथे एक म्हणजे लक्ष द्या, दोन म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगाला बघा, तीन म्हणजे खालच्या अंगाला, आणि तीन-तीन पुन्हापुन्हा म्हणजे मदत हवी. तुम्ही नदीवर काम करता, तेव्हा दुसरा संच घ्या. इतर पथकांबरोबर काम पडलं तर निघण्याआधी काठावर विचारून घ्या की त्यांची एक शिट्टी म्हणजे काय. सिंहस्थात रामकुंडाच्या आसपास भोंगे, घोषणा आणि गर्दी यांत शिट्टीही हरवते. तिथे हाताशिवाय काही उरत नाही.

आता यंत्रं. वॉकी-टॉकी बोटीच्या आत वापरायला निरुपयोगी आहे, कारण बोलताना बटण दाबायला एक हात लागतो आणि चौघांपैकी कोणाचाच हात मोकळा नसतो. आवाज झाल्यावर आपोआप सुरू होणारा पर्याय त्यात असतो, पण तो इंजिनाच्या आवाजानेच सुरू होतो आणि वाहिनी अडवून ठेवतो. काठाशी बोलायला मात्र तो हवाच. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला, होळकर पुलाखाली झाड अडकलं, लोक दुसऱ्याच घाटावर अडकले, हे बोटीला काठावरूनच कळणार. मोबाइलवर विसंबू नका, ओल्या बोटांनी पडदा चालत नाही. खरेदी करताना वारंवारिता बघा. आपल्याकडे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यातले कमी ताकदीचे संच परवान्याशिवाय वापरता येतात, बाकी बहुतेकांना परवाना लागतो. बाजारात विनापरवाना पट्ट्याबाहेर चालणारे स्वस्त संच सर्रास मिळतात. ते घेऊ नका. पुराच्या दिवशी पोलिसांच्या किंवा अग्निशामक दलाच्या वाहिनीत तुमचा आवाज घुसला तर नुकसान फार मोठं आहे. खोक्यावर लिहिलेले किलोमीटर मोकळ्या माळावरचे असतात. बोटीत बसलेल्या माणसाच्या छातीशी, पाण्यालगत, घाटाच्या भिंती आणि पुलांच्या मध्ये त्याचा थोडाच भाग मिळतो. संच खांद्याजवळ, अँटेना उभी, आणि काठावरचा माणूस पुलावर किंवा उंच पायरीवर, असं ठेवा.

आणि पुन्हा तो 'स'. वॉकी-टॉकी साधारण ३०० ते ३,००० हर्ट्‌झमधलाच आवाज पोहोचवतो. म्हणजे 'स'चा बहुतेक भाग यंत्रच कापून टाकतं. शांत खोलीत बसूनही रेडिओवर 'ओढ' आणि 'सोड' यांत गल्लत होऊ शकते. घशाला बांधायचा माइक घेतला तर तो घशातले कंप उचलतो, आणि 'स' तर दातांशी तयार होतो, म्हणजे तिथेही तो निम्माशिम्माच. माझ्यासारख्या इंजिनाशेजारी आयुष्य काढलेल्या माणसाच्या कानात जी श्रवणशक्ती आधी जाते तीही ४,००० हर्ट्‌झच्या आसपासचीच. २०१४ पासून नव्या जहाजांना आवाजाची सक्तीची मर्यादा आली, इंजिनरूमसाठी ११० डेसिबल. आमच्या वेळी ती सक्ती नव्हती आणि कानात कापसाचा बोळा घालून उभे राहणारे लोक मी पाहिले आहेत. तुमचा बोट चालवणारा रोज तासन्‌तास इंजिनाशेजारी बसत असेल तर त्याला फोमचे इअरप्लग द्या. मोठ्या गोंगाटात प्लग घातल्यावर निरोगी कानाला बोलणं उलट बरं समजतं, कारण कान भरून जात नाही. फक्त प्लग घातलेला माणूस नकळत हळू बोलायला लागतो. त्याला मुद्दाम मोठ्याने बोलायला सांगावं लागतं.

इंटरकॉमला मी नावं ठेवत नाही. दोघं एकाच वेळी बोलू शकतात आणि हात मोकळे राहतात, ही मोठी गोष्ट आहे. पूर पाहणीसाठी तासभर फिरायचं असेल किंवा नव्या चालकाला शिकवायचं असेल तर चालक आणि प्रमुख अशा दोघांना ते द्या. पण चार गोष्टी लक्षात ठेवा. एक, ते ज्या २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात ती लहर पाण्यात जवळजवळ लगेच विरते. माणूस पाण्यात पडला की नेमक्या त्या क्षणी त्याचा संपर्क तुटतो. दोन, आवाज गाळणारा माइक ओठांपासून बोटभर अंतरावर असला तरच गाळतो. तो हनुवटीखाली सरकला की इंजिनच बोलायला लागतं, आणि वाऱ्यासाठी त्यावर स्पंजची टोपी हवी. तीन, 'पावसात चालतो' आणि 'पाण्यात बुडाला तरी चालतो' यांत फरक आहे. संचावर 'आयपी ६७' हा धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी त्याने दिलेली असते. ते नसेल तर घेऊ नका.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. इंटरकॉम बसतो म्हणून मोटारसायकलचं हेल्मेट बोटीवर कोणी घालू नका. ते पाण्याने भरतं, जड होतं, मान खेचतं. पाण्यातल्या बचावाचं हेल्मेट हलकं, भोकं असलेलं असतं, आणि त्यात हे स्पीकर धड बसत नाहीत. हे एकच कारण चार संच न घ्यायला मला पुरेसं वाटतं.

आणि ज्याला पैसे लागत नाहीत ते: प्रमुख माणूस पुढे का बसतो? त्याला चालकाच्या शेजारी बसवा, गोंगाटातलं निम्मं बोलणं हातभर अंतरावर येईल. लांब सूचना काठावरच उरका. पाण्यात काही सविस्तर सांगायचंच असेल तर नाळ प्रवाहाच्या विरुद्ध धरून, बोट जागच्या जागी राहील एवढाच वेग ठेवून सांगा. पुरात इंजिन बंद करून बोलायचा मोह कधीच होऊ देऊ नका.

शब्दांची यादी माझीच घ्या असं नाही. तुमची तुम्ही तपासा. परवानगी घेऊन धरणाच्या फुगवट्यावर जा, दिवसा, जॅकेटं घालून. तुम्ही कामावर वापरता असे वीस शब्द कागदावर लिहा. पुढच्याने मागच्यांकडे पाठ ठेवून, इंजिन नेहमीच्या वेगावर असताना, ते उलटसुलट क्रमाने ओरडायचे. मधल्याने जे ऐकू आलं ते लिहायचं. अंदाज करायचा नाही, ऐकू आलं तेच. मग माणसं बदला. तुमच्यातल्या सर्वांत वयस्क माणसाला आणि ज्याला थोडं कमी ऐकू येतं त्याला मुद्दाम मधे बसवा. मग तेच वीस शब्द वॉकी-टॉकीवरून काठावर पाठवा. एकदा जरी चुकीचा ऐकू आला तरी तो शब्द काढून टाका आणि दुसरा शोधा. पहिल्या दिवशी निम्मे शब्द जातील. उरलेल्यांची आणि पाच खुणांची यादी प्लास्टिकमध्ये घालून चालकाला दिसेल अशी बोटीच्या आतल्या बाजूला चिकटवा. मग देणगीदारांकडे वॉकी-टॉकी मागायला जा.